बिनमुखवट्याचा योद्धा : झोरा फॉली

धंदेवाईक कुस्तीच्या दुनियेत मुखवट्याला मोठे मोल असते. मेक्सिको देशात एल सांतो नावाचा एक मल्ल होऊन गेला. १९४२ साली तो रुपेरी मुखवटा घालून रिंगणात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे त्या मुखवट्यावरच त्याने नाव कमावले. मरणापूर्वी काही दिवस त्याने मुखवटा थोडासा वर सारून लोकांना चेहरा दाखवला, एवढेच. १९८४ साली तो वारला तेव्हा मुखवट्यासहच त्याला मूठमाती देण्यात आली. लोक त्याची कुस्ती पाहायला येत आणि मुखवट्यामागे कोण आहे, हे कोडे घेऊन घरी जात. खेळाचा जेथे धंदा होतो तेथे नुसत्या बळावर तिकिटे खपत नाहीत. कोणी मुखवटा घालतो, कोणी भयंकर टोपणनाव घेतो, कोणी तोंडाने बढाया मारतो.

याच मेक्सिकोच्या सीमेला लागून अमेरिकेचे ॲरिझोना राज्य आहे. त्या राज्यातील चँडलर या गावी त्याच काळात एक मुष्टियोद्धा राहत होता. त्याच्यापाशी मुखवटा नव्हता, बढाई नव्हती, लोकांच्या तोंडी बसेल असे टोपणनावही नव्हते. त्याचे नाव झोरा फॉली. महंमद अलीचे जे चाहते आमच्या वाचकांत असतील, त्यांनी हे नाव कोठेतरी वाचले असेल. अलीवर बंदी येण्यापूर्वी जो शेवटचा माणूस त्याच्याशी लढला, तो हा फॉली. एका ओळीत त्याची आठवण एवढीच उरली आहे. पण त्या एका लढतीमागे दहा वर्षांची वाट पाहणे होते. ती गोष्ट आज वाचकांना सांगण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. चँडलर हे काही जुने शहर नव्हे. अलेक्झांडर जॉन चँडलर नावाचे एक गुरांचे डॉक्टर ॲरिझोनात आले, त्यांनी जमिनी घेतल्या, कालव्याचे पाणी आणले आणि १९१२ साली या गावाची स्थापना केली. सभोवती वाळवंटाचा मुलूख. उन्हाळ्यात अंगाची लाही होते. पण पाणी मिळाल्यावर तेथे कापूस पिकू लागला, गुरांसाठी हिरवा चारा होऊ लागला. काही काळ तर शहामृगेही पाळली गेली. १९४० च्या शिरगणतीत गावाची वस्ती जेमतेम बाराशेच्या घरात होती. आमच्या बेटावरील एखाद्या ऊसमळ्याच्या गावासारखेच ते लहानसे शेतीचे गाव म्हणावयाचे.

झोराचा जन्म २७ मे १९३१ रोजी टेक्सास राज्यात डॅलस येथे एका निग्रो कुटुंबात झाला. त्या वेळी हाच शब्द रूढ होता. आज त्यांना कृष्णवर्णीय म्हणतात. १९४२ साली हे कुटुंब चँडलरला येऊन राहिले. तेव्हा झोरा अकरा वर्षांचा होता. त्या काळी ॲरिझोनाच्या कायद्याने प्राथमिक शाळांत गोरी मुले आणि काळी मुले वेगळी बसवली जात. ही पद्धत न्यायालयाने मोडीत काढली ती पुष्कळ पुढे. म्हणजे ज्या गावाने पुढे झोरा फॉलीच्या नावाने बाग केली, त्या गावाच्या राज्यात त्याच्या लहानपणी काळ्या मुलाला गोऱ्या मुलाच्या बाकावर बसण्याची मुभा नव्हती. पुढची हकीकत वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४८ साली, वयाची सतरा वर्षे पुरी होण्याच्या आधीच, झोरा सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढला होता. मुष्टियुद्धाचे पहिले धडे त्याने सैन्यातच गिरवले. पुढे कोरियाचे युद्ध पेटले आणि तोही त्या युद्धात गेला. तेथून तो परत आला आणि १९५३ साली, बावीस वर्षांचा असताना, धंदेवाईक मुष्टियोद्धा म्हणून रिंगणात उतरला. त्याचा गट हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार योद्ध्यांचा. या गटाचा जगज्जेता म्हणजे मुष्टियुद्धाचा राजाच.

फॉलीची लढण्याची रीत अभ्यासू होती. तो आंधळेपणाने तुटून पडत नसे. समोरच्याला आधी हात टाकू द्यायचा, तो हात चुकवायचा आणि त्याच्या अंगाची जी बाजू उघडी पडेल तेथे नेमका ठोसा द्यायचा, अशी त्याची पद्धत होती. जाणत्यांना ती फार आवडे. पण रक्त आणि आरडाओरडा पाहायला आलेल्या प्रेक्षकाला ती थंड वाटे. हा त्याचा गुण होता आणि धंद्याच्या दृष्टीने हाच त्याचा दोष ठरला.

येथे या धंद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. शाळेच्या परीक्षेत पहिला आलेल्याला पहिला नंबर द्यावाच लागतो. मुष्टियुद्धात तसे नाही. मासिके आणि मंडळे योद्ध्यांची क्रमवारी लावतात, परंतु जगज्जेत्याने कोणाशी लढायचे हे पुष्कळदा जगज्जेता आणि त्याचा मॅनेजरच ठरवतात. ज्याच्याशी लढण्यात धोका फार आणि पैसा थोडा, त्याला कोण बोलावणार? फॉली नेमका असा योद्धा होता. त्याला हरवणे कठीण, आणि त्याचे नाव सांगून तिकिटेही फारशी खपत नसत.

१९५६ च्या अखेरीस फ्लॉइड पॅटर्सन जगज्जेता झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच ऑलिंपिकमध्ये या पॅटर्सनने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले होते. त्याचा मॅनेजर कस डमाटो हा मोठा सावध गृहस्थ. मुष्टियुद्धाचा सगळा बाजार आपल्या मुठीत ठेवणाऱ्या एका बलाढ्य संस्थेशी त्याचे वैर होते. ते वैर एका परीने योग्यही होते, कारण त्या संस्थेची मक्तेदारी पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच बेकायदा ठरवली. पण दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते, तसे झाले. खऱ्या दावेदारांना बाजूला सारून पॅटर्सनसाठी सोपे प्रतिस्पर्धी निवडले जाऊ लागले.

याचा कळस १९५७ साली झाला. पीट रॅडमाकर नावाचा योद्धा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला होता. धंदेवाईक म्हणून तो एकही लढत लढला नव्हता. तरी त्याची पहिलीच लढत थेट जगज्जेतेपदासाठी पॅटर्सनशी लावण्यात आली. सहाव्या फेरीत तो हरला. पुढच्याच वर्षी, जुलै १९५८ मध्ये, त्याची गाठ फॉलीशी पडली आणि फॉलीने त्याला चौथ्याच फेरीत आडवे केले. जे काम करायला जगज्जेत्याला सहा फेऱ्या लागल्या ते फॉलीने चारांत उरकले. तरीही त्याला बोलावणे आले नाही.

मात्र सगळा दोष दुसऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दोन संधी फॉलीच्याही हातून निसटल्या. एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ त्याची आणि एडी मेचनची लढत झाली. दोघेही पॅटर्सनचे पहिल्या प्रतीचे दावेदार. जो जिंकेल त्याला नाकारणे पॅटर्सनला अवघड गेले असते. पण दोघेही एकमेकांना इतके जपून लढले की बारा फेऱ्यांअंती लढत बरोबरीत सुटली. प्रेक्षक कंटाळले आणि दोघांचेही नुकसान झाले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये फॉली लंडनला गेला आणि तेथे हेन्री कूपरकडून गुणांवर हरला. इकडे स्वीडनच्या इंगमार जोहान्सनने मेचनला पहिल्याच फेरीत लोळवले, त्या बळावर जगज्जेतेपदाची लढत मिळवली आणि १९५९ साली पॅटर्सनला हरवून ते पद घेतलेही. दार एकदा किलकिले झाले होते. त्यातून दुसराच आत गेला.

१९६० हे वर्ष फॉलीला आणखी वाईट गेले. जानेवारीत मेचनने त्याला गुणांवर हरवले. मग जुलैत सनी लिस्टन समोर आला. लिस्टन म्हणजे त्या काळचा काळपुरुष. भले भले त्याला टाळत. फॉलीने त्याला टाळले नाही. डेन्व्हर येथे तिसऱ्या फेरीत लिस्टनने त्याला नॉकआउट केले. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाच्या अलेहांद्रो लाव्होरांतेनेही त्याला सातव्या फेरीत खाली पाडले. वय तीस. घरी बायको आणि मुलाबाळांनी भरलेला संसार. अनेकांनी तेव्हाच म्हटले असेल की हा माणूस आता संपला.

पण चँडलरच्या या माणसाने पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला सुरुवात केली. डिसेंबर १९६१ मध्ये तो पुन्हा लंडनला गेला आणि ज्या कूपरने त्याला हरवले होते त्याला दुसऱ्याच फेरीत नॉकआउट करून आला. १९६२ मध्ये त्याने डग जोन्सला हरवले, पण त्याच वर्षअखेरीस तो त्याच जोन्सकडून हरला. १९६३ मध्ये अर्नी टेरेलने त्याला गुणांवर मागे टाकले. १९६४ मध्ये त्याने कॅनडाच्या पोलादी अंगाच्या जॉर्ज शुव्हालोला हरवले, मग जर्मनीत कार्ल मिल्डेनबर्गरशी बरोबरी केली. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला ऑस्कर बोनाव्हेनावर मात केली आणि त्याच वर्षी बॉब फॉस्टरवरही. हा फॉस्टर पुढे १९६८ साली लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. शिडी चढावी, दोन पायऱ्या घसरावी आणि पुन्हा चढावी, असा हा सगळा काळ गेला. दरम्यान जगज्जेतेपद पॅटर्सनकडून जोहान्सनकडे, परत पॅटर्सनकडे, मग लिस्टनकडे आणि १९६४ मध्ये तरण्याबांड कॅशस क्लेकडे गेले. त्या क्लेने महंमद अली असे नवे नाव घेतले. ज्या वर्षी फॉलीचे कुटुंब चँडलरला आले, त्याच वर्षी हा अली जन्मला होता.

शेवटी बोलावणे आले ते १९६७ साली. अलीने एकामागून एक सगळ्यांना हरवले होते आणि नव्या प्रतिस्पर्ध्याची त्याला गरज होती. फॉलीला छत्तिसावे वर्ष चालू होते, अली पंचविशीचा. अलीची रीत सर्वांना ठाऊक आहे. लढतीपूर्वी तो समोरच्याला नावे ठेवी, त्याची टिंगल करी, कविता रची. तोही एक प्रकारचा मुखवटाच होता आणि त्याने तिकिटे भरपूर खपत. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी अर्नी टेरेलने त्याला जुन्या, क्ले या नावाने हाक मारली म्हणून अलीने त्याला सबंध पंधरा फेऱ्या निर्दयपणे झोडपले होते. फॉलीने मात्र अलीला त्याने स्वतः निवडलेल्या नावानेच संबोधले. समोरच्या माणसाचे नाव त्याला हवे तसे उच्चारावे, ही साधी सभ्यता. त्या काळी अमेरिकेतील कित्येक वर्तमानपत्रांनाही ती जमली नव्हती. अलीला या प्रतिस्पर्ध्यावर राग धरणे अवघड गेले आणि त्याची नेहमीची शेरेबाजी या वेळी बरीचशी म्यान राहिली.

२२ मार्च १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढत झाली. पहिल्या फेऱ्यांत फॉलीने आपला जुना हिशेबी खेळ चांगला केला. परंतु समोर जो होता त्याला गाठणे त्या वेळी पृथ्वीवर कोणालाच शक्य नव्हते. चौथ्या फेरीत फॉली खाली पडला, उठला आणि मागे सरण्याऐवजी पुढे चाल करून गेला. सातव्या फेरीत अलीच्या उजव्या हाताचा आखूड ठोसा बसला. फॉली तोंडावर कोसळला. त्याने उठण्याची धडपड केली, पण पंचांचे दहा आकडे पुरे झाले. दहा वर्षे ज्या रात्रीची वाट पाहिली ती रात्र अर्ध्या तासाच्या आत संपली. लढतीनंतर फॉलीने सबब सांगितली नाही. अली हा आजवरचा सर्वांत श्रेष्ठ योद्धा आहे, असे त्याने मोकळ्या मनाने सांगितले.

यानंतर पाच आठवड्यांनी, २८ एप्रिलला, अलीने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याचे पद गेले आणि साडेतीन वर्षे त्याला लढू दिले गेले नाही. उमेदीची ती साडेतीन वर्षे वाया गेली म्हणून जगाने हळहळ केली, आणि ती रास्तच होती. फॉलीची गेली होती ती दहा वर्षे. त्याबद्दल कोणी हळहळले नाही, कारण ती कोणत्याही हुकुमाने गेली नव्हती. ती कराराच्या टेबलावर, हिशेबाच्या वहीत, हळूहळू गेली होती. उघड अन्याय चारचौघांना दिसतो. नुसते ताटकळत ठेवण्याचा अन्याय कोणाच्या नजरेत भरत नाही.

फॉली आणखी तीन वर्षे लढला. १९६७ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ब्रायन लंडनकडून तो गुणांवर हरला. १९७० मध्ये मॅक फॉस्टरने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले, तेव्हा त्याने हातमोजे कायमचे उतरवले. एकूण ९६ लढती, त्यांत ७९ विजय, ११ पराभव, ६ बरोबरी. ७९ पैकी ४४ विजय नॉकआउटने. या ११ पराभवांची यादी वाचली तर लिस्टन, अली, मेचन, टेरेल, कूपर अशी नावे दिसतात.

नामांकित मुष्टियोद्ध्यांचे उत्तरायुष्य बहुधा दुःखाचे असते. पैसा जातो, मित्र जातात, डोक्याला बसलेल्या मारांची किंमत द्यावी लागते. फॉली मोठ्या शहराच्या मोहात पडला नाही. तो चँडलरलाच राहिला, संसार केला आणि गावाच्या नगरपरिषदेचा सदस्य झाला. १९७० साली या गावाची वस्ती चौदा हजारांच्या आत होती. ज्या राज्यात लहानपणी त्याच्यासाठी वेगळी शाळा होती, त्याच राज्यातील आपल्या गावाच्या कारभारात तो आता मत देत होता. जगज्जेतेपदाच्या पट्ट्यापेक्षा ही जागा मोठी की लहान, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांला ती लहान वाटत नाही.

परंतु ते सुख दोन वर्षेही पुरले नाही. जुलै १९७२ मध्ये तो टूसॉन शहरी गेला असता एका मोटेलच्या पोहण्याच्या हौदात त्याच्या डोक्याला जबर इजा झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. वय अवघे एक्केचाळीस. अधिकाऱ्यांनी तो अपघात मानला. पण पुष्कळांना ते पटले नाही आणि तो संशय आजतागायत फिटलेला नाही. जो माणूस शेकडो फेऱ्यांत लिस्टन-अलीसारख्यांचे ठोसे खाऊन आपल्या पायांनी घरी परतला, त्याने असे जावे याचे गावाला फार वाईट वाटले.

चँडलर त्याला विसरले नाही. गावातील एका सार्वजनिक बागेला त्याचे नाव आहे. त्या बागेत गावच्या मुलांसाठी पोहण्याचा तलाव आहे, त्यालाही फॉलीचेच नाव. १९९० साली कॉय पेन हे शिक्षक चँडलरचे महापौर झाले. ॲरिझोना राज्यातील ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. आता चँडलर हे पूर्वीचे कापसाचे गाव राहिलेले नाही. तेथे संगणकाचे सूक्ष्म भाग बनवणारे मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि २०२० च्या शिरगणतीत वस्ती पावणेतीन लाखांवर गेली. भारतातून गेलेली कितीतरी कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले त्या तलावात डुंबत असतील. तलावाचे नाव ज्याच्यावरून पडले तो कोण होता, हे त्यांना कोणी सांगत असेल तर बरे.

वाचकहो, आमच्या बेटालाही मुष्टियुद्ध परके नाही. २००८ साली बीजिंग येथे ब्रुनो ज्युलीने मॉरिशसला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते याच खेळात. तेव्हा गल्लोगल्लीची पोरे हवेत ठोसे मारू लागली होती. अशा पोरांना आम्ही शिक्षक मंडळी नेहमी सांगतो की मेहनत करा, धीर धरा, फळ मिळेल. झोरा फॉलीचे आयुष्य पाहिले म्हणजे या उपदेशात काही भर घालावीशी वाटते. फळ मिळते, पण वेळेवर मिळेलच असे नाही. पंचविसाव्या वर्षी मिळालेली संधी आणि छत्तिसाव्या वर्षी मिळालेली संधी ही एकच वस्तू नव्हे. म्हणून ज्यांच्या हाती दुसऱ्यांना संधी देण्याचा अधिकार आहे, मग ते शाळेत असोत, कचेरीत असोत की मंडळाच्या कार्यकारिणीत असोत, त्यांनी लायक माणसाला निष्कारण ताटकळत ठेवू नये. आपण फक्त थोडा उशीर करतो आहोत असे त्यांना वाटते; समोरच्याचे त्यात आयुष्य जाते.

आणि ज्याला थांबावे लागते त्याने काय करावे? फॉलीने जे केले ते करावे. बोलावणे येवो न येवो, आपला सराव सोडू नये. हरलो तर सबब सांगू नये. जिंकणाऱ्याला त्याच्या नावाने, मानाने हाक मारावी. आणि जगाने दार उघडले नाही तरी आपल्या गावाचे दार उघडे असते, हे विसरू नये. चँडलरच्या लोकांना त्याला पडद्याआडून ओळखावे लागले नाही. तो त्यांना रोज रस्त्यात भेटत होता, आपल्या खऱ्या चेहऱ्याने.